‘चालतंय की’च्या विरुद्ध

दिवाळी अंकात भांडण काढू नये असा एक संकेत आहे. वर्षाचा सण, घरात चकलीच्या भाजणीचा वास, फराळ आटोपून अंक हातात घेऊन आडवे झालेले वाचक. अशा वेळी लेखकाने दोन गोड गोष्टी सांगाव्यात आणि रजा घ्यावी. तो संकेत मी आज मोडतो आहे. येत्या पाडव्याला आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नवी सायकल येईल. तिला हळदकुंकू लागेल, हँडलला झेंडूची माळ बांधली जाईल, शेजारची पोरे भोवती जमतील. त्यांतील काही सायकली बसणाऱ्याच्या अंगाला लहान असतील, काही मोठ्या असतील, आणि ते घरातल्या कोणाच्याही लक्षात येणार नाही. लक्षात आलेच तर कोणी तरी म्हणेल, ‘‘चालतंय की!’’ माझे भांडण त्या दोन शब्दांशी आहे.

प्रथम माझा गुन्हा कबूल करतो. मी कोल्हापूरचा. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. शाळेत चित्रकला शिकवितो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. चाळिशी उलटल्यावर सदऱ्याची बटणे ताणू लागली, तेव्हा घरच्यांनी व्यायामाचा आग्रह धरला. तालमीत जाण्याचे वय गेले होते. म्हणून जाड टायरची, गिअरवाली, डोंगरी म्हणतात तसली सायकल घ्यायचे ठरविले. पाडव्याचा मुहूर्त, दुकानात ही गर्दी. मला आवडलेल्या निळ्या रंगाची एकच सायकल शिल्लक होती. तिची फ्रेम १६ इंची. माझी उंची पाच फूट दहा इंच. मी बसून पाहिले. गुडघे जरा जास्तच वाकत होते, पण तसे काही फार वाटले नाही. दुकानदार म्हणाला, ‘‘काय न्हाय हो मास्तर, सीट वर काढली की झालं!’’ आणि ज्या माणसाने वीस वर्षे पोरांना ‘डोके एक तर शरीर साडेसात’ असे माणसाच्या आकृतीचे प्रमाण फळ्यावर आखून शिकविले, तोच माणूस म्हणाला, ‘‘चालतंय की!’’

सायकल चालली. तीच तर गोम आहे. ती मुळीच चालली नसती, तर मी ती दुसऱ्या दिवशी परत केली असती. फार लहान वस्तू माणसाला फसवीत नाही. थोडी लहान वस्तू फसविते. दहा वर्षांच्या पोराच्या सायकलवर मला कोणी बसविले असते, तर साऱ्या महाद्वार रोडने हसून सोडले असते. दोन इंच लहान असलेल्या सायकलला कोणीच हसत नाही. हसतो तो आपला गुडघा, आणि तोही सहा महिन्यांनी.

मी रोज शाळेला सायकलने जाऊ लागलो आणि दर रविवारी पन्हाळ्याला. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची, केर्ली मागे टाकायची, वाघबिळाशी रत्नागिरीचा रस्ता सोडून गडाचा चढ धरायचा. सारे मिळून सुमारे २० किलोमीटर. त्या चढावर माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या पुढच्या बाजूने दुखू लागल्या. मला वाटले, वय झाले. सौभाग्यवतीला वाटले, वजन आहे. एका मित्राने तेल सांगितले, दुसऱ्याने लेप सांगितला. सीटकडे कोणी बोट दाखविले नाही. सीट खाली असली म्हणजे पायडल वर येते वेळी गुडघा नको इतका मिटतो आणि नेमक्या त्याच अवस्थेत त्याला जोर लावावा लागतो. मांडीच्या स्नायूची सारी ओढ वाटीवर दाबून बसते. उकिडवे बसून पाण्याची घागर उचलून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. तसे मी एका तासात काही हजार वेळा करीत होतो.

मग मी हिशेब मांडला. मास्तरला दुसरे काय येते? अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा सायकलपटू १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीन वर्षे टूर द फ्रान्स जिंकला. त्याने प्रसिद्ध केलेला एक आकडा जगभर वापरला जातो. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहायचे, एक टणक पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट दाबून धरायचे (दिवाळी अंक ह्या कामी निरुपयोगी, तो वाकतो) आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. त्याला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे, कोणाला बोटभर कमीजास्त लागते. पण सुरुवातीला तो चांगला. माझे माप भरले ८४ सेंटिमीटर. म्हणजे सीट हवी ७४ सेंटिमीटरवर. माझ्या सायकलची उभी नळी १६ इंचांची, म्हणजे साडेचाळीस सेंटिमीटर. तिच्यात बसणारा सीट पिलर ३० सेंटिमीटर लांब. त्यावर एक रेघ कोरलेली असते, तिच्यापलीकडे पिलर बाहेर काढू नये असा त्या रेघेचा अर्थ. रेघेपर्यंत काढला तर २२ सेंटिमीटर बाहेर येतो. सीटची जाडी धरा ५. बेरीज होते साडेसदुसष्ट. साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे चांगले अडीच इंच कमी! ‘सीट वर काढली की झालं’ ह्या वेदान्ताचा निकाल दोन मिनिटांच्या बेरजेने लागला.

शहाणा माणूस येथे थांबला असता. मी पिलर रेघेच्या वर दीड इंच ओढला. वर्गात पोरांनी समासाची रेघ ओलांडली तर मी कानउघाडणी करतो, आणि स्वतः मात्र पोलादात कोरलेली रेघ ओलांडली. गुडघे थोडे हलके झाले, म्हणून मला माझ्या शहाणपणाचे कौतुकही वाटले. पण आता सीट वर आणि हँडल खाली. अंगाचा भार तळहातांवर येऊन पन्हाळ्याला पोहोचेपर्यंत करंगळ्या बधिर होत. शिवाय सीटची नळी मागे झुकलेली असते, त्यामुळे सीट जितकी वर तितकी मागे जाते. चढावर सारे वजन मागच्या चाकावर पडून पुढचे चाक उडू पाही. आणि एका रविवारी गड उतरताना सीटखालून करकर आवाज येऊ लागला. चहाच्या टपरीवर थांबून पाहिले, तो नळीला तोंडापाशी केसासारखी चीर गेलेली. वर २६ सेंटिमीटरचा दांडा आणि आत जेमतेम चार सेंटिमीटरची पकड. पहारीने दगड उलथणाऱ्या कोणाही गड्याला विचारा, तो सांगेल की असे झाल्यावर नळीचे काय होणार. पडलो नाही, हे नशीब. टेंपोत घालून सायकल घरी आणली.

हे मी माझे दुखणे उगाळण्यासाठी सांगत नाही. माझा मुद्दा असा, की ह्या फसवणुकीत कोणी एक लबाड नव्हता. आम्ही सर्वांनी मिळून माप नावाची गोष्टच बाजारातून हद्दपार केली आहे.

पूर्वी असे नव्हते. माझ्या वडिलांच्या वेळी काळी, आडव्या दांडीची सायकल घ्यायला माणूस गेला की पहिला प्रश्न असे, ‘‘बावीसची की चोवीसची?’’ तो आकडा फ्रेमचा होता. चाके दोन्हींची २८ इंचीच. ठेंगण्याला बावीस, उंचाला चोवीस. मापे दोनच, पण निदान प्रश्न माणसाच्या अंगाचा होता. आज दुकानात शिरा. प्रश्न येईल, ‘‘सव्वीस, साडेसत्तावीस, का एकोणतीस?’’ आपल्याला वाटते, आपले माप विचारले. ते चाकाचे माप आहे! एकाच २९ इंची चाकाची सायकल लहान फ्रेमचीही मिळते आणि मोठ्या फ्रेमचीही. चाकाचा आकडा गाडीच्या अंगावर ठळक. फ्रेमचा आकडा असलाच तर सीटखालच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत. आपणही विचारतो काय, तर गिअर किती, ब्रेक डिस्कचा आहे का, पुढच्या चिमट्याला शॉकअॅब्सॉर्बर आहे का, हा रंग हिरव्यात मिळेल का. नवरामुलगा पाहायला जावे आणि त्याच्या फेट्याची चौकशी करून परत यावे, तशातला हा प्रकार.

ह्या डोंगरी सायकलची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन भागातली काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या, मोडीत निघालेल्या सायकली घेऊन तमालपाइस डोंगराच्या मातीच्या वाटांवरून भरधाव खाली येत. एका उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या १९७६ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीचे नावच पडले ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’. त्यांच्यातल्या जो ब्रीझने पुढे ह्याच कामासाठी नव्या फ्रेमी जोडल्या आणि १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’ नावाची सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. उतारावर पाय टेकताना वरच्या दांडीचा अडथळा होऊ नये म्हणून डोंगरी सायकलची दांडी हळूहळू तिरपी झाली. त्यात चूक काहीच नाही. पुढे १९९० च्या दशकात इंग्लंडच्या माइक बरोजने जायंट कंपनीसाठी रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीलाही तिरपी दांडी दिली आणि पुष्कळ मापांऐवजी लहान, मध्यम, मोठे अशा मोजक्या मापांवर भागविले. कारखान्याची सोय झाली. पण तिरप्या दांडीने एक गंमत केली. आडव्या दांडीवर माणूस उभा राहिला की माप चुकले आहे हे आंधळ्यालाही दिसे. तिरप्या दांडीवर सगळेच आरामात उभे राहतात. चूक तशीच राहिली आणि दिसेनाशी झाली. सीट पिलरने फ्रेमची उंची वाढविल्यासारखे करता येते. तिची लांबी कशानेही वाढत नाही.

माझ्या ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तरे देतो.

पहिला आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, लहान फ्रेम चपळ असते. दोन मापांच्या मध्ये सापडलात तर लहानच घ्यावी. डोंगरात उड्या मारणारे मुद्दाम लहान घेतात. कबूल! पण ते मुद्दाम घेतात, त्यासाठी लांब पिलर बसवितात, आपली बैठक ओळखून घेतात. पैलवान लंगोट कसून आखाड्यात उतरतो म्हणून कारकुनाने लंगोटावर कचेरीत जावे असे होत नाही. जाणून घेतलेली तूट आणि गळ्यात पडलेली तूट ह्यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. ‘‘आमच्या वेळी घरात एकच सायकल. आम्ही दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो. कुठं काय झालं?’’ आजोबा, आपण शिकलात हे खरे, आणि गुडघे फोडून घेतलेत हेही खरे. घरात एकच सायकल होती तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. गरजेने सोसले ते सोसणे मानाचे आहे. आज दुकानात मापे उपलब्ध असताना, मागविली तर चार दिवसांत येत असताना, त्या सोसण्याचा दाखला देऊन नातवाला वाकडे बसविणे हे मानाचे नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत भारी, तो पैशाचा. ‘‘मास्तर, गरिबाला कसलं माप?’’ त्यावर माझे उत्तर एका ओळीचे आहे. त्याच सायकलची १६ इंची फ्रेम आणि १८ इंची फ्रेम ह्यांची किंमत साधारण एकच असते. मापात बसणारी सायकल महाग नाही. फक्त ती मागावी लागते. दुकानदाराचीही बाजू मी समजतो. प्रत्येक रंगात तीन तीन मापे ठेवायची तर त्याचे भांडवल अडकते, आणि गिऱ्हाईक माप विचारीतच नाही, तर त्याने ते कशासाठी ठेवावे? विचारणाऱ्यांची संख्या वाढली की ठेवणारेही वाढतील.

आपल्या ह्याच गावात चपलेची परीक्षा कशी होते ते पाहा. कोल्हापुरी पायताण घ्यायला माणूस चप्पल लाइनीत जातो, पाय घालतो, चालून पाहतो, अंगठा दाबून पाहतो, बोट बाहेर आले तर दुसरा जोड मागतो, आणि कारागीरही कमीपणा न मानता दुसरा जोड काढतो. काही शे रुपयांच्या पायताणाला जी चिकित्सा, ती काही हजारांच्या सायकलला का नाही? पायताण पुढे सैल तरी होते. लोखंड सैल होत नाही.

‘चालतंय की’ हे शब्द वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. अवेळी चार पाहुणे आले आणि तांबडा रस्सा पुरवायचा झाला तर ‘चालतंय की’. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसला, ‘चालतंय की’. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगा गल्ल्यांत शिरली, तेव्हा ह्याच शब्दांवर लोकांनी अनोळखी कुटुंबांना घरांत जागा दिली. आपल्या वाट्याची अडचण आपण हसत सोसतो तेव्हा तो शब्द मोठा होतो. दुसऱ्याच्या वाट्याची अडचण आपण त्याच शब्दाने झाकतो, तेव्हा तो खोटा होतो.

हे मला कसे कळले, ते सांगून थांबतो. कारण खरे पाहता हा लेख माझ्या गुडघ्यासाठी लिहिलेला नाही.

आमच्या शाळेत आठवीत एक मुलगी होती. नदीपलीकडच्या गावातून पाच किलोमीटर सायकलने येई आणि आठवड्यातून दोनदा तरी घंटेनंतर पोहोचे. शाळेचा नियम आहे, उशिरा येणाऱ्याने पहिला तास बाहेर उभे राहायचे. पहिला तास पुष्कळदा माझा असे, आणि मी तिला उभी केली. एकदा नव्हे, पुष्कळदा. कारण विचारले की ती म्हणे, ‘‘सायकल पळत न्हाय, सर.’’ ह्यावर वर्ग हसे. मीही हसलो असेन.

फ्रेमला चीर गेल्यावर मी काही दिवस चालत शाळेला जात होतो. एके सकाळी पुलावर ती मला मागून येताना दिसली. सायकल २० इंची चाकांची, चौथीत असताना घेतलेली. दरम्यान मुलगी वीतभर वाढली होती. गुडघे हँडलला लागू नयेत म्हणून ती ते बाहेर फेकून पायडल मारीत होती. सीट तिने किंवा कोणी तरी जमेल तितकी वर काढली होती; पिलरवरची रेघ कधीच बाहेर येऊन गेली होती. मी तोच हिशेब पुलावरच केला. बाकी सारे सारखे धरले, तर २६ इंची चाक जेथे १० फेऱ्यांत पोहोचते तेथे २० इंची चाकाला १३ फेरे लागतात. वाकलेल्या गुडघ्यांनी, दप्तर पाठीवर घेऊन, ती पोर रोज माझ्यापेक्षा तीस टक्के अधिक पायडल मारून शाळेला येत होती, आणि मी तिला दाराबाहेर उभी करीत होतो.

मी तिच्या वडिलांना भेटलो. माणूस सरळ, कष्टाळू. त्यांनी सायकलकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, आणि म्हणाले, ‘‘अजून चालतीया की, मास्तर.’’ मला राग आला नाही. येणार कसा? दुकानात उभे राहून हेच शब्द मी उच्चारले होते, तेही खिशात पैसे असताना. त्यांच्याजवळ ते नव्हते. मी त्यांना मुलीला सायकलवर बसवायला सांगितले आणि समोरून बघायला लावले. ते बराच वेळ बघत राहिले. एवढेच म्हणाले, ‘‘मी कधी समोरनं बघितलंच न्हाई. सकाळी ती जाती तवा मी रानात असतो.’’ पुढच्या महिन्यात तिच्या आईची भिशी लागली आणि बावीस इंची फ्रेमची, मधल्या दांडीशिवायची एक जुनी लेडीज सायकल घरी आली. त्या वर्षी उरलेल्या दिवसांत ती मुलगी एकदाही बाहेर उभी राहिली नाही. तिच्या हजेरीत जी सुधारणा झाली तिचे श्रेय प्रगतिपुस्तकात मी ‘नियमितपणा वाढला’ असे तिला दिले. खरे तर शेरा मला मिळायला हवा होता, आणि तो चांगला नसता.

तेव्हा वाचकहो, ही माझी मागणी. पाडव्याला दुकानात जाल तेव्हा पैशांबरोबर मापाची टेप घेऊन जा. चाकाचा आकडा ऐकून मान डोलावू नका. फ्रेमचा आकडा विचारा. टाच पायडलवर ठेवून पाय अगदी खाली नेला असता गुडघा सरळ होतो का ते पाहा, आणि तो होण्यासाठी पिलर रेघेबाहेर काढावा लागत असेल तर ती सायकल कितीही निळी असो, तिथेच सोडा. आणि नवी सायकल घ्यायची ऐपत यंदा नसेल, तरी एक काम फुकटात होते. घरातले पोर सायकलवर शाळेला निघाले की एकदा उंबऱ्याबाहेर येऊन त्याला समोरून बघा.